आवाज उद्या

"बठ्ठं बरोबर शे. आवाज उद्या."

सगळं बरोबर आहे, एवढं अहिराणीत सांगून तो खुर्चीवरून उठायचा, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण तळव्यानं दाबून बसवायचा आणि दारात जाऊन चपला शोधायला लागायचा. मागं टेबलावर कॉम्प्युटर नुकताच नव्यानं सुरू झालेला असायचा. पडदा स्वच्छ, रंग जागच्या जागी, माउस हलवला की बाणही हलतोय. फक्त तो कॉम्प्युटर मुका असायचा. घरातलं कुणीतरी विचारायचंच, "पण आवाज का येत नाही हो?" मग तो दारातूनच डॉक्टरच्या थाटात हात वर करायचा. "आज नाय. आज त्याला मुरू द्या. आवाज उद्या."

त्या काळात तुम्ही नाशकात इंदिरानगर, गोविंदनगर, सिडको या बाजूला राहत असाल आणि घरात एखादा जुना कॉम्प्युटर असेल, तर हा माणूस तुमच्याकडे येऊन चहा पिऊन गेलेला असणार. मी त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच म्हणाल, "अरे, हा तर आपला!" आणि नेमका तोच शब्द मला ऐकायचा नाही. त्या एका शब्दापायी मी आयुष्यात जेवढा जळलो, तेवढा दुसऱ्या कशापायी जळलो नाही.

माझं कॅनडा कॉर्नरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तळमजल्यावर, काचेच्या दाराचं. आत पंखा, कूलर, भिंतीवर माझी सर्टिफिकेटं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, लोक कॉम्प्युटरवर विणलेलं कव्हर घालून उदबत्ती ओवाळायचे तेव्हापासून मी या धंद्यात होतो. मरायला टेकलेला कॉम्प्युटर माझ्याकडे सकाळी टाकला, तर दुपारी जेवणाआधी मी तो पुसून, नवीन विंडोज भरून, झाडून सगळे ड्रायव्हर टाकून हातात देत असे. पडद्याचा, मोडेमचा, आवाजाचा, सगळे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नुसतं विंडोज भरून भागत नाही. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक भागाची विंडोजशी ओळख करून द्यावी लागते. ती ओळख म्हणजे ड्रायव्हर. ओळख झाली नाही, तर त्या भागाच्या नावापुढे पिवळं चिन्ह येतं. माझ्या दुकानातून एकही कॉम्प्युटर पिवळं चिन्ह घेऊन बाहेर पडलेला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी कशाला म्हणतात ते पुढं येईलच.

फुशारकी त्याच्याकडे होती. तो कळवणच्या बाजूचा. सिडकोत एक खोली घेऊन एकटाच राहायचा, बायको-मुलं गावाकडे. दुकान नाही, पाटी नाही. खडखडणारी एक स्कूटर आणि तो पोळ्यांचा डबा. या डब्यात त्याच्या सीड्या असायच्या. खाली धुतलेलं फडकं, वर एकावर एक सीड्या, त्यावर पुन्हा फडकं. डबा उघडला की वाटायचं, आता गरम पोळी निघणार. "सीडी याच्यात जशी राहते तशी तुमच्या त्या पाऊचात नाय राहत शेठ," हे त्यानं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. मला तो शेठ म्हणायचा. चिडवायलाच म्हणायचा, आणि मी चिडायचो.

विंडोज भरताना कॉम्प्युटर अधूनमधून स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ पडदा काळा पडतो. हा गृहस्थ त्या काळ्या पडद्यात बघून केस विंचरायचा. खिशातून कंगवा काढायचा, आधी डावी बाजू, मग उजवी, मग पुढचा कोंबडा. काम संपेपर्यंत कॉम्प्युटर कसाही असो, याचे केस मात्र एकदम जागेवर बसलेले असायचे. "मी फॉरम्याट केलेला पीसी वर्षभर हलत नाय," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. महिन्याभरात त्याच घरून पुन्हा बोलावणं यायचं. पण लोक तक्रार करायला बोलवत नव्हते. "अहो, परत बिघडलाय वाटतं, या ना," असं हसत हसत बोलवायचे. तुम्हीच सांगा, माझ्याकडून गेलेला कॉम्प्युटर महिन्याभरात बिघडला असता, तर लोक हसत आले असते का?

आता हा माणूस माझ्या आयुष्यात शिरला कसा, ते सांगतो. शिरला तो माझ्या वडिलांच्या घरातून.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यावर इंदिरानगरच्या रो-हाउसमध्ये ते एकटेच राहत. बायकोच्या शाळेमुळे आम्ही गोदावरीच्या पलीकडे, पंचवटीत फ्लॅट घेतलेला. नाना काही आमच्याकडे यायला तयार होईनात. "तुझ्या आईची तुळस कुंडीत जगायची नाही," एवढंच कारण. म्हणून मी त्यांना दुकानातला एक जुना कॉम्प्युटर नेऊन दिला. त्यावर ते पत्त्यांचा डाव मांडायचे, नाट्यगीतांच्या सीड्या ऐकायचे आणि दुपारी आमचा कुळवृत्तांत टाइप करायचे. कोण कोणाचा मुलगा, कोणती शाखा घोटीला गेली, कोणती विंचूरला राहिली, हे सगळं एकेका बोटानं.

एकदा त्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. मी रविवारी गेलो, त्यांच्या फायली दुसऱ्या कप्प्यात काढून ठेवल्या, पुसून सगळं नवीन भरलं आणि जेवायच्या आत मोकळा झालो. जेवण झाल्यावर नाना कॉम्प्युटरपुढे बसले आणि म्हणाले, "टोपली रिकामी का?"

टोपली म्हणजे पडद्यावरची कचऱ्याची टोपली. माझे वडील त्यांचा कुळवृत्तांत कचऱ्याच्या टोपलीत ठेवत होते! कचेरीत त्यांच्या टेबलावर जन्मभर तारेची टोपली होती. पुढं करायचे कागद त्या टोपलीत टाकायचे, म्हणजे हाताशी राहतात. पडद्यावर टोपली दिसली, त्यांनी कागद टोपलीत टाकला. आणि नव्यानं विंडोज भरताना टोपलीतला कचरा कुणी जपून ठेवतं का? मी तेव्हाही हेच विचारलं आणि आजही विचारतो. नानांनी बसल्या बसल्या चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर कुंभमेळ्याचं वर्ष आलं. ऐन पर्वणीच्या दिवशी नानांचा कॉम्प्युटर सुरू होईना. नानांचा फोन आला तेव्हा मी पंचवटीत अडकलेला. पूल बंद, रस्ते बंद, जिकडेतिकडे बांबूचे अडथळे आणि माणसंच माणसं. मी म्हटलं, "नाना, पर्वणी होऊ द्या, येतो." नाना म्हणाले, "ये सावकाश." शेजारी देवरेकाकू राहायच्या. मूळच्या सटाण्याच्या. त्यांनी कुंपणावरून ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? आमच्याकडचा एक मुलगा आहे, त्याला सांगते." नदीच्या अलीकडेच राहत असल्यामुळे तो स्कूटर खडखडवत तासाभरात हजर.

त्याच संध्याकाळी पर्वणी सरल्यावर मी गेलो. नाना कॉम्प्युटरपुढे बसून मजेत पत्ते खेळत होते. मी म्हटलं, "चालू झाला? मग सीडी लावा की, गाणं ऐकू." नाना म्हणाले, "आज नको. त्याला मुरू द्यायचंय. आवाज उद्या."

"मुरू द्यायचंय म्हणजे?"

"नवीन विंडोज भरलं की एक रात्र मुरू द्यावं लागतं. घाईनं आवाज टाकला तर तो नीट बसत नाही. तुला माहीत नाही?"

मी हबकलोच. वाचकहो, यात तांत्रिकदृष्ट्या काडीचंही तथ्य नाही. विंडोज म्हणजे कैरीचं लोणचं नव्हे. मी नानांना ते समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "असेल बाबा. पण त्याच्या हाताला गुण आहे." माझ्या हाताला काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. टोपलीकडे मात्र एकदा बघितलं.

ही मुरण्याची भानगड पुढं माझ्या दुकानापर्यंत आली. गिऱ्हाईक कॉम्प्युटर घ्यायला यायचं आणि संशयानं विचारायचं, "एका दिवसात झाला? मग मुरला नसेल ना?" एका शिक्षिकाबाईंनी तर झालेला कॉम्प्युटर रात्रभर दुकानातच ठेवून घ्यायला लावला. मी सर्टिफिकेटांच्या खाली बसून दात-ओठ खात होतो.

त्याचा दुसरा दिवस कसा असतो, ते मी मुद्दाम एकदा जाऊन बघितलं. नानांना म्हटलं, सहज आलोय. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. देवरेकाकू कुंपण ओलांडून येऊन बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता. माझ्या वडिलांनी शिरा केला होता! आई गेल्यापासून त्या घरात मी शिरा पाहिला नव्हता. मी जायचो तेव्हा पार्ले बिस्किटं असायची.

स्कूटर वाजली. नाना फाटकापर्यंत गेले. तो आला, हात-पाय धुतले, डबा उघडला, फडकं बाजूला केलं आणि एक सीडी काढली. ड्रायव्हर टाकायला लागतो तेवढाच वेळ लागला, म्हणजे काहीच नाही. मग तो उठला आणि नानांना खुर्चीवर बसवलं. "घरातल्या मोठ्या मानसानं दाबायचं असतं." नानांनी नाट्यगीताची सीडी घातली, चष्मा सारखा केला आणि माउस दाबला. पेटीचे सूर आले. देवरेकाकूंनी टाळ्या वाजवल्या. नाना मान डोलवत त्याच्याकडे बघून हसले. तसं ते शेवटचं कधी हसले होते, ते मला आठवेना.

त्या दिवशी मला कळलं, हा माणूस काय करतो. पडद्याचा ड्रायव्हर टाकला तर कुणाला कळतही नाही. आवाज मात्र सगळ्या घराला ऐकू येतो, शेजाऱ्यांनाही. हा गडी ते एवढं एक काम मागं ठेवतो, आणि त्याच्यावर शिरा खातो. मला संताप आला. आणि खरं सांगायचं तर शिरा छान झाला होता, त्याचाही आला.

तो काही फार मोठा कारागीर होता असं समजू नका. देवरेकाकूंच्या नातवाच्या बारशाचे सगळे फोटो त्यानं एकदा पुसून टाकले. काकूंनी त्याला वर पुरणपोळी खाऊ घातली. "जाऊ दे, पोराला परत पाळण्यात घालू," म्हणाल्या. नानांच्या कॉम्प्युटरची मूळ ड्रायव्हरची सीडी कुठे गेली ते कुणालाच सापडत नव्हतं. शेवटी ती गच्चीत सापडली. कबुतरं येऊ नयेत म्हणून नानांनीच ती दोरीला टांगली होती. मी असतो तर त्या ड्रायव्हरची नवी सीडी तयार करून आणली असती. यानं ती दोरीतून सोडवली, शर्टाला पुसली आणि तशीच चालवली. चालली! वर म्हणतो, "उन्हात वाळली ना, आता कीड लागत नाय." नाना हे वाक्य मला निदान चार वेळा तरी कौतुकानं सांगत होते.

पण या सगळ्याहून मोठं पुढंच आहे. नानांनी कुळवृत्तांत पुन्हा टाइप करायला घेतला होता. अर्धा झालाही होता. आणि एका फॉरमॅटच्या वेळी यानं तो उडवला. ऐकलंत ना? मी उडवला तोच कुळवृत्तांत, यानंही उडवला. आणि टोपलीतून नव्हे, चांगल्या जागी ठेवलेला.

हे कळल्यावर मला किती आनंद झाला, ते लिहायची सोय नाही. दुपारीच दुकान बंद करून मी इंदिरानगर गाठलं. आता नाना चष्मा पुसत बसले असतील, अशी माझी खात्री. दारात त्याची स्कूटर होती. आत गेलो तर तो कॉम्प्युटरपुढे बसलेला, नाना शेजारी आरामखुर्चीत, डोळे मिटून सांगताहेत, आणि तो एका बोटानं टाइप करतोय.

"गोविंदराव. त्यांना पुत्र तीन."

"नाव सांगा."

"थोरले रामचंद्र, मधला केशव, धाकटे विष्णुपंत. केशव लहानपणीच गेला."

त्याचं बोट थांबलं. "मग त्याला लिहायचा का नाय, नाना?"

"लिही की. होता ना तो."

"व्हता त्ये खरं हाय," असं म्हणून त्यानं केशव लिहिला. एकेक अक्षर शोधून.

मी उंबऱ्यातच उभा होतो. कोणी मला ये म्हटलं नाही, कारण कोणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. आमच्या घराण्यात केशव नावाचा कुणी होता, हे मला त्या दिवशी कळलं. कळवणच्या एका माणसाच्या पाठीमागे उभं राहून.

नाना चहा टाकायला आत गेले तेव्हा मी डबा पुढं ओढला. फडकं उचललं. आत प्रत्येक सीडीवर मार्करनं घराचं नाव होतं. "देवरेकाकू, आवाज." "बँकवाले साहेब, आवाज." "नाना, आवाज." तिच्या मधल्या भोकात गच्चीतल्या दोरीचा तुकडा त्यानं काम झाल्यावर पुन्हा ओवून ठेवला होता. कॉम्प्युटर नुकताच भरून झालेला, आणि त्यातला एकच भाग पिवळं चिन्ह घेऊन बसलेला.

"सीडी हाताशी आहे," मी दबक्या आवाजात म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे. टाकून मोकळा हो ना आजच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लबाडी पकडली गेल्याचं तोंडावर काहीही नाही. "आज टाकला तर उद्या काय, शेठ?"

"म्हणजे?"

"उद्या मी कशाला येऊ मग? मानसं वाट बघतात. शर्टबिर्ट घालून. मला आवडतं बा." मग कंगवा काढून शांतपणे केस विंचरायला लागला. पडदा चालू होता, तरी.

मी नानांना सांगू शकलो असतो. हा तुम्हाला बनवतोय, मुरणं-बिरणं सगळं थापा आहेत. जिभेवर आलंही होतं. नाना ट्रे घेऊन आले. ट्रेत तीन कप होते, आणि त्यांनी पहिला कप त्याला दिला. मी माझा कप उचलला आणि चहा प्यायलो. नानांना ते माहीत असावं, असाही मला संशय आहे. सगळी हयात त्यांनी सरकारी कचेरीत काढलेली. आजचं काम उद्यावर कसं आणि का जातं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

यावर मीही एक प्रयोग करून बघितला, तोही सांगून टाकतो. काहीही बिघडलेलं नसताना एका रविवारी नानांकडे गेलो आणि म्हटलं, सहज आलोय. नाना म्हणाले, "बस." पंखा लावला. बिस्किटं आली. आम्ही दोघंही भिंतीकडे बघत बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दुकान कसं चाललंय?" मी म्हटलं, "बरं चाललंय." मग ते म्हणाले, "उद्या आपला तो यायचाय." बस, तोच तो शब्द. तो "आपला", आणि मी सहज आलेला.

त्याच्या शेवटच्या खेपेला मी तिथं नव्हतो. उन्हाळा होता, दुपारी लाइट जायचे. मध्येच लाइट गेले म्हणून काम लांबलं, आणि लाइट येईपर्यंत दोघं खऱ्या पत्त्यांचा डाव टाकून बसले होते, असं काकूंनी सांगितलं. संध्याकाळी काम उरकलं. गावाकडे पुतण्याचं लग्न होतं, तिकडे तसाच जाणार होता. डबा कशाला ओझं, म्हणून त्यानं तो कॉम्प्युटरशेजारीच ठेवला. "बठ्ठं बरोबर शे, नाना. आवाज उद्या. लगीन लावतो आणि येतो."

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले. तो आला नाही. लग्नात थांबला असेल, म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच वाट बघत बसले.

बातमी आधी मला कळली, धंद्यातल्या माणसांकडून. लग्नातच, वरातीत नाचता नाचता छातीत कळ आली. कळवणच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी माझी स्कूटर काढून नानांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून डब्यावरची धूळ पंच्यानं पुसली आणि डबा परत तिथंच ठेवला.

मी मुद्दाम थोडे दिवस जाऊ दिले. मग म्हटलं, "नाना, आवाजाचं तेवढं करून देतो. दोन मिनिटं लागतील."

"नको."

"गाणी ऐकू येत नाहीत तुम्हाला."

"दुसऱ्याच्या अर्ध्या कामात हात घालू नये," नाना म्हणाले. कचेरीतला नियम असेल. त्यानंतर कितीतरी महिने माझे वडील मुक्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होते. नाट्यगीतांच्या सीड्या एका बाजूला रचून ठेवलेल्या.

डबा तिथं आहे ही गोष्ट हळूहळू कॉलनीत पसरली. लोक यायचे. बिचकत विचारायचे, "आमचा आवाज आहे का हो तुमच्याकडे?" नाना डबा उघडून ज्याची सीडी त्याला द्यायचे आणि सांगायचे, "कॅनडा कॉर्नरला माझा मुलगा आहे, तो लावून देईल." आणि मग, गिऱ्हाईक फाटकापर्यंत गेल्यावर, "पण तो एकाच दिवसात लावतो हं. चालेल ना?"

शेवटी नानांचा कॉम्प्युटर पुन्हा झोपलाच. सकाळी दुकानात फोन आला. "अरे, बंद पडलाय. येतोस का?" पर्वणीच्या त्या फोननंतर त्यांनी मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी दुकानाला कुलूप लावलं. बॅगेतल्या सीड्या दोनदा मोजून बघितल्या.

आधी हार्ड डिस्क काढून दुकानातून बरोबर आणलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि टोपली उघडली. कुळवृत्तांत पुन्हा टोपलीतच होता. मी तो बाहेर काढून ठेवला. मग सावकाश, एकही टप्पा न गाळता, माझ्या पद्धतीनं काम केलं. नाना आरामखुर्चीत बसून बघत होते. पडदा काळा पडला की त्यात मला माझा चेहरा दिसायचा. माझे केस बरेच गेलेले आहेत.

शेवटी एकच पिवळं चिन्ह उरलं. मी माझ्या बॅगेत हात घातला. नाना म्हणाले, "त्याच्या डब्यातली घे."

घेतली. "नाना, आवाज." दोरीचा तुकडा काढून टाकला. काय सांगू, पहिल्या फटक्यात चालली. विंडोज सुरू होतानाची धून घरभर वाजली. मी वळून नानांकडे बघितलं. आयुष्यात एवढ्या आशेनं मी कुठल्या परीक्षेच्या निकालाकडेही बघितलेलं नाही.

"झालं?" नाना म्हणाले.

"झालं."

"सगळं?"

"सगळं, नाना."

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. "मग उद्या?"

तो जिवंत असताना मला त्याचा जेवढा हेवा वाटला नाही, तेवढा त्या क्षणी वाटला. मेला तरी माणूस माझ्या कामातून उद्या काढून घेऊन गेला होता. माझ्या बॅगेत सगळं होतं, उद्या तेवढा नव्हता.

"उद्या... प्रिंटर," मी म्हणालो. "कुळवृत्तांत छापायला नको का? प्रिंटर आणतो उद्या."

"प्रिंटर नको," नाना म्हणाले. "तो म्हणायचा, घरात प्रिंटर घेऊ नका, वापर नसला की शाई वाळते." बरोबरच म्हणायचा. गिऱ्हाइकांना मीही तेच सांगतो. मी गुपचूप बॅग भरायला लागलो. चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, "पण तू ये."

दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या हातानं गेलो. फाटकाशीच देवरेकाकू भेटल्या. मला बघून जरा गोंधळल्या.

"तू होय! मला वाटलं कोण येतंय. नाना सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. म्हणाले, आपला तो यायचाय."

मी आत गेलो. शिऱ्याचा वास येत होता. नानांनी कोणाला म्हटलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.